परदेशी विद्यार्थ्यांचा इंग्रजीचा वर्ग पहिल्यांदा हाती आला तर काय करावं

पुण्यात परदेशी विद्यार्थी नवे नाहीत. डॉ. शां. ब. मुजुमदारांनी १९७१ मध्ये सिंबायोसिस सुरू केली, तीच मुळी परदेशी मुलांची इथे होणारी आबाळ बघून. आजही येमेन, सुदान, इराण, अफगाणिस्तान, टांझानिया, इथिओपियातून मुलं इथे शिकायला येतात. पदवीच्या वर्गात बसण्याआधी त्यांतल्या अनेकांना काही महिने इंग्रजीचा पाया पक्का करावा लागतो. तो वर्ग मी बरीच वर्षं घेते आहे. ज्यांच्या वेळापत्रकात असा वर्ग पहिल्यांदाच पडला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

नवे सहकारी माझ्याकडे येतात तेव्हा हमखास यादी मागतात. सुदानी मुलांना काय आवडत नाही, इराणी मुलांशी कसं वागावं, अफगाण मुलींना काय विचारू नये. अशी यादी मी देत नाही. सनामध्ये वाढलेला मुलगा आणि हद्रामौतच्या गावातला मुलगा दोघेही येमेनी असतात, पण नागपूर आणि मालवण यांत जेवढा फरक तेवढा त्यांच्यातही असतोच. भाषाशिक्षणाचे अभ्यासक मायकल बायरम यांनी १९९७ मध्ये भाषाशिक्षणातल्या आंतरसांस्कृतिक क्षमतेची पाच अंगं मांडली: मोकळी वृत्ती, माहिती, समोर आलेल्या गोष्टीचा अर्थ लावता येणं, नवं काही संवादातून शोधता येणं आणि आपल्या तसंच दुसऱ्याच्या संस्कृतीकडे चिकित्सकपणे बघता येणं. बहुतेक शिक्षक दुसऱ्या अंगापासून, म्हणजे माहितीपासून, सुरुवात करतात. मी म्हणते, पाचव्यापासून करा. वर्गात सर्वांत अनोळखी संस्कृती आपली असते आणि ती आपल्याला दिसत नाही.

आधी स्वतःकडे बघा

आपली मान घ्या. हो आणि नाही यांच्या मधे कुठेतरी डुलणारी ही मान आपल्या मुलांना बरोबर वाचता येते. नुकत्याच आलेल्या परदेशी मुलाला वाटतं, आपलं उत्तर चुकलं. म्हणून पहिला महिनाभर मानेबरोबर तोंडाने शब्दही उच्चारा: ‘येस, करेक्ट’ किंवा ‘नॉट क्वाइट’. त्यांच्या खुणाही शिकून घ्या. काही अरब भागांत भुवया उंचावून जिभेने ‘च्च’ केलं की ते साधं ‘नाही’ असतं, आपल्यासारखी हळहळ नसते. इथिओपियाची मुलगी तुमचं बोलणं ऐकताना श्वास झटकन आत ओढते तेव्हा ती दचकलेली नसते, ‘हो’ म्हणत असते.

दुसरी गोष्ट आग्रहाची. आपल्याकडे पाहुणा पहिल्यांदा ‘नको नको’ म्हणतोच आणि यजमान दुसऱ्यांदा विचारतोच. इराणमध्येही ‘तारोफ’ नावाचा असाच शिष्टाचार आहे: आधी नाकारायचं, समोरच्याने पुन्हा म्हणायचं, मग घ्यायचं. आपलं पाठ्यपुस्तक मात्र बहुधा ब्रिटिश वळणाचं असतं. त्यात ‘वुड यू लाइक सम टी?’ला ‘नो, थँक्स’ असं उत्तर आलं की चहाचा विषय संपतो. हा धडा नुसता वाचून घेऊ नका. तीन प्रसंग करायला लावा: लंडनमधलं घर, तेहरानमधलं घर आणि सदाशिव पेठेतलं घर. तीनही ठिकाणी किती वेळा विचारलं जातं, कितव्या वेळी हो म्हणायचं, खरंच नको असेल तर काय म्हणायचं, हे मुलांनीच मांडायचं. नकार देण्याचं इंग्रजी या एका तासात जेवढं पक्कं होतं, तेवढं स्वाध्यायाच्या चार पानांनी होत नाही. शिवाय शेजारच्या काकूंकडून पोटभर जेवून कसं उठायचं, हेही कळतं.

हजेरीपट

पहिल्या दिवशी हजेरी घेण्याआधी नावांवर अर्धा तास घालवा. अर्ध्या तासाची ही मेहनत वर्षभर पुरते.

आपल्या फॉर्मवर आडनावाचा रकाना असतो, म्हणून ऑफिसमधून आलेल्या यादीत सगळ्यांची आडनावं असतात. प्रत्यक्षात अनेक अरब विद्यार्थ्यांच्या पासपोर्टवर स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं आणि मग घराण्याचं नाव अशी ओळ असते. इथिओपियात आडनाव नसतंच. स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव लावतात. त्यामुळे यादीतलं शेवटचं नाव पुकारलं तर तुम्ही मुलीला तिच्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाने हाक मारता. काही अफगाण मुलांना एकच नाव असतं आणि दुसरा रकाना भरण्यासाठी कुणीतरी काहीतरी घातलेलं असतं. मराठी शिक्षकाला हे समजायला खरं तर सोपं जावं, कारण आपणही स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असंच लिहितो. फळ्यावर तुमचं पूर्ण नाव लिहा, त्यातला कुठला भाग कुणाचा ते सांगा, मग प्रत्येकाला तसंच करायला सांगा. शेवटी एकच प्रश्न: ‘व्हॉट शुड आय कॉल यू?’ येणारं उत्तर हजेरीपटात पेन्सिलीने नावासमोर लिहा, उच्चार देवनागरीत. देवनागरीत ख, घ, ह वेगळे लिहिता येतात, ही आपली मोठी सोय आहे.

तुम्हाला काय म्हणायचं हेही त्याच दिवशी सांगून टाका. कुणी ‘टीचर’ म्हणेल, कुणी ‘मिस’. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे आधी शिक्षक होते आणि आजही ते ‘म्वालिमू’, म्हणजे शिक्षक, याच नावाने ओळखले जातात. तिथून आलेल्या मुलाच्या ‘टीचर’मध्ये उद्धटपणा शोधू नका.

वेळ आणि तारीख

‘व्हॉट टाइम इज इट?’ हा धडा सोपा वाटतो. इथिओपियात आणि टांझानियातल्या स्वाहिली भाषेत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात ते त्यांचा एक. इंग्रजीत बोलताना ही मुलं मनातल्या मनात सहा तासांची वजाबाकी-बेरीज करतात. नवखा विद्यार्थी उत्तर द्यायला वेळ लावतो तो त्यामुळे, इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. इथिओपियाचं कॅलेंडर तेरा महिन्यांचं आहे आणि आपल्या इंग्रजी कॅलेंडरच्या सात-आठ वर्षं मागे चालतं. अनेक अफगाणांच्या पासपोर्टवर १ जानेवारी ही जन्मतारीख दिसते, कारण घरी वर्ष माहीत असतं, दिवसाची नोंद नसते. म्हणून वर्गात वाढदिवसांचा तक्ता लावू नका. त्याऐवजी कॅलेंडरांचा तक्ता लावा: नवरोज, एन्कुताताश (इथिओपियाचं नववर्ष), गुढीपाडवा, हिजरी नववर्ष. क्रमवाचक संख्या आणि महिन्यांची नावं त्यातूनही तितकीच चांगली शिकवता येतात.

कुटुंबाचा धडा

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्या पुस्तकांत हा धडा पहिल्या तीन प्रकरणांत असतो आणि त्याचा विचार कुणी करत नाही.

फॅमिली ट्री भरा, भावाबहिणींची नावं लिहा, ते काय करतात सांगा, घराचं वर्णन करा. आपल्या मुलांसाठी हा हातचा मळ आहे. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ ला युद्ध पेटलं आणि खार्टूममधली लाखो माणसं घरं सोडून गेली. येमेनमध्ये २०१४ पासून शांतता नाही. अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ नंतर मुलींच्या माध्यमिक शाळा बंद झाल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठंही. अशा ठिकाणाहून आलेल्या मुलाला ‘व्हॉट डज युवर सिस्टर डू?’ हा प्रश्न साध्या वर्तमानकाळाचा सराव वाटत नाही.

माझ्या वर्गातला एक मुलगा या स्वाध्यायात पट्टी घेऊन फार सुरेख रेघा मारत बसला होता. झाडाच्या फांद्या, चौकटी, सगळं प्रमाणबद्ध. चौकटी मात्र कोऱ्या. बाकीच्यांचं होऊन गेलं तरी तो रेघा गडदच करत होता. मी त्याच्याकडून नावं मागितली नाहीत. ‘नाइस ड्रॉइंग’ म्हटलं आणि जोडीदाराला दुसरं काम दिलं. तास संपल्यावर सगळे गेले तेव्हा तो थांबला. एक भाऊ कैरोत आहे, आई पोर्ट सुदानला पोचली आहे, वडिलांचा फोन लागत नाही, असं त्याने सांगितलं. वाक्यं तुटक होती, पण वर्तमानकाळ अचूक होता. त्याला ते बोलायचं होतं, फक्त तीस जणांपुढे नव्हे.

तेव्हापासून मी हा धडा असा घेते. आधी फळ्यावर माझं कुटुंब काढते: आत्या, मावशी, काका, मामा. इंग्रजीत दोन शब्दांत सगळे कसे बसतात ते दाखवते. अरबी मुलं लगेच सांगतात की त्यांच्याकडेही वडिलांचा भाऊ ‘अम्म’ आणि आईचा भाऊ ‘खाल’ असतो. इथे वर्ग हसतो, बोलता होतो. मग काम देताना तीन पर्याय देते: स्वतःचं कुटुंब, मी दिलेल्या छायाचित्रातलं कुटुंब किंवा मनाने रचलेलं कुटुंब. कोण काय निवडतं याची कुठेही नोंद होत नाही. व्याकरण तिन्हींत सारखंच लागतं, गुणही सारखेच. ‘माझं घर’ या निबंधाचं ‘एक घर’ करून टाका. ‘पाच वर्षांनी मी कुठे असेन’ हा विषय परीक्षेतून काढून तोंडी गप्पांमध्ये ठेवा आणि तिथेही ऐच्छिक ठेवा.

मात्र उलट्या टोकालाही जाऊ नका. युद्धाच्या देशातून आला म्हणून प्रत्येकाशी हळू आवाजात बोलणं, त्याच्या देशाचा विषयच टाळणं, हेही मुलांना खटकतं. येमेनमधल्या एडनच्या मुलीला तिच्या शहराच्या समुद्राबद्दल, माशांच्या बाजाराबद्दल भरभरून बोलायचं असतं. दार उघडं ठेवायचं आणि आत कधी यायचं ते तिला ठरवू द्यायचं.

उपवास, हात, जोड्या

हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान असतं, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. वर्षाच्या सुरुवातीलाच त्या तारखा वहीत लिहून ठेवा. त्या महिन्यात तोंडी परीक्षा सकाळच्या तासांना घ्या. दुपारी बोलण्यापेक्षा वाचन-लेखन बरं. रेस्टॉरंटमध्ये ऑर्डर देण्याचा धडा पुढे ढकला. तुम्ही पाणी प्यायलात तर दर वेळी माफी मागायची गरज नाही. रोजा धरणाऱ्यांना त्याची सवय असते.

याच काळात मी एक तास उपवासावर घेते. रोजा म्हणजे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, पाणीही नाही. इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी मांस, अंडी, दूध वर्ज्य करतात, पण डाळ-भाजी खातात. आणि आपल्या उपवासाला भगर, साबुदाणा खिचडी आणि वर ग्लासभर दूध चालतं. एकाचा वर्ज्य पदार्थ दुसऱ्याचा फराळ. ‘मस्ट नॉट’, ‘डोन्ट हॅव टु’ आणि ‘आर अलाउड टु’ यांतला फरक शिकवायला याहून चांगलं साहित्य मला मिळालेलं नाही. नियम सांगताना मुलं स्वतःच एकमेकांचं इंग्रजी सुधारतात, कारण चुकीचा नियम पोचला तर तो आपल्या धर्माबद्दल चुकीचा पोचेल, ही काळजी असते.

हस्तांदोलन तुम्ही होऊन करू नका. काही मुलं-मुली परक्या स्त्री-पुरुषाशी हात मिळवत नाहीत, छातीवर हात ठेवतात. आपला नमस्कार इथे छान काम करतो. जोड्या करताना पहिले काही आठवडे जोडीदार निवडू द्या, मग चौघांचे गट करा, त्यात मुलं-मुली आपोआप मिसळतात. वर्गाचे फोटो कॉलेजच्या पानावर टाकण्याआधी प्रत्येकाची वेगळी परवानगी घ्या. सगळ्यांदेखत ‘कुणाची हरकत आहे का?’ असं विचारणं ही परवानगी नव्हे.

भाड्याचं घर

पाठ्यपुस्तकात हॉटेलची खोली बुक करायला शिकवतात. तुमच्या विद्यार्थ्याला कोंढव्यात किंवा विमाननगरला फ्लॅट हवा असतो. तेव्हा हा प्रसंग वर्गात उभा करा. घरमालक तुम्ही व्हा.

‘यू आर फ्रॉम?’
‘सुदान, सर.’
‘बॅचलर?’
‘येस सर, बॅचलर ऑफ कॉमर्स.’

आपल्या सोसायट्यांत ‘बॅचलर’ म्हणजे कुटुंबाशिवाय राहणारा कुणीही, मुलगी असली तरी. हे कुठल्याच शब्दकोशाने त्या मुलाला सांगितलेलं नसतं. पुढचे प्रश्न ठरलेले: नॉनव्हेज खाता का, धर्म कोणता, मित्र येणार का, रात्री किती वाजता परत येता. कोणता प्रश्न नेहमीच्या चौकशीचा आहे, कोणत्या प्रश्नाला उत्तर देणं बंधनकारक नाही, हे आधी स्पष्ट सांगा. मग वाक्यं पाठ करून घ्या. ‘आय वुड प्रिफर नॉट टु डिस्कस दॅट. कुड वी टॉक अबाउट द रेंट?’ हे नम्रही आहे आणि ठामही. ‘कॅन वी पुट दॅट इन द अ‍ॅग्रीमेंट?’ हे डिपॉझिटसाठी. आणि ‘विल यू सबमिट फॉर्म थ्री?’ हे तर विसरूच नये. परदेशी व्यक्ती राहायला आली की २४ तासांत हा फॉर्म (२०२५ पर्यंत याला ‘फॉर्म सी’ म्हणत) ऑनलाइन भरण्याची जबाबदारी घरमालकाची असते आणि तो नसेल तर विद्यार्थ्याची एफआरआरओतली, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयातली, नोंदणी अडकते. इंग्रजीच्या शिक्षकाने हे का सांगायचं, असं कुणी म्हणेल. त्या मुलाचं पुण्यातलं पहिलं खरं इंग्रजी संभाषण हेच असतं, म्हणून सांगायचं.

वर्णावरून, धर्मावरून घर नाकारलं गेलेली मुलं दुसऱ्या दिवशी वर्गात येतात. आफ्रिकी मुलांना रस्त्यात काय काय ऐकावं लागतं, ते त्यांनाच विचारा. ‘इंडियात असंच असतं’ म्हणून त्यांना गप्प बसवू नका. आपल्या समाजात हा दोष आहे, हे शिक्षकाने स्वच्छ शब्दांत मान्य करावं आणि तक्रार लिहायची असेल तर मसुदा करायला बसावं. बायरम पाचवं अंग म्हणतात ते हेच. दुसऱ्याच्या चालीरीतींची चिकित्सा सगळेच करतात.

चुका कशा वाचायच्या

अफगाण मुलगी इंग्रजीत आईबद्दल बोलताना ‘शी’ऐवजी ‘ही’ म्हणाली तर हसू नका. फारसीत आणि दरी या तिच्या अफगाण रूपात तो आणि ती यांना एकच सर्वनाम आहे, स्वाहिलीतही तसंच. अरबीत ‘प’ नाही, म्हणून पार्किंगचं ‘बार्किंग’ होतं. वर्तमानकाळात ‘इज’ लागत नाही, म्हणून ‘माय फादर डॉक्टर’ येतं. या चुका भाषेतून आलेल्या असतात, आळसातून नव्हे. त्यामुळे त्यांवर वेगळा सराव द्या आणि गुण कापताना हात आखडता घ्या.

टांझानियाची मुलगी मात्र चूक करत नसते, जेव्हा तुमच्या हातून डस्टर पडल्यावर ‘सॉरी, टीचर’ म्हणते. स्वाहिलीत दुसऱ्याच्या अडचणीबद्दल ‘पोले’ म्हणायची रीत आहे आणि पूर्व आफ्रिकेच्या इंग्रजीत ती ‘सॉरी’च्या रूपाने आली आहे. तिला एवढंच सांगा की आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा परीक्षक किंवा पुण्याचा दुकानदार गोंधळेल. तिचं इंग्रजी दुरुस्त करायचं नाही, त्यात भर घालायची. आपलं ‘प्रीपोन’, ‘आउट ऑफ स्टेशन’, ‘टू लॅख्स’ यांनाही हाच न्याय लावा: इथे चालतं, तिथे कळणार नाही, दोन्ही माहीत असू दे.

पाठांतराबद्दल आपल्या प्रशिक्षणवर्गांत फार वाईट बोललं जातं. कुराण मुखोद्गत केलेला मुलगा तुमच्या वर्गात असेल तर त्याची स्मरणशक्ती ही त्याची सर्वांत मोठी भाषिक शिदोरी आहे. त्याला संवाद पाठ करू द्या, मग त्यातलं एक पात्र बदला, एक काळ बदला. निबंध मात्र पुस्तकातून जसाच्या तसा उतरवला तर त्याला वेगळं बोलावून उद्धरणाची पद्धत शिकवा. चोरीचा आरोप आधी करू नका. मोठ्यांचे शब्द बदलणं म्हणजे त्यांचा अवमान, असं त्याला शिकवलेलं असू शकतं.

गुण आणि पुढच्या शिक्षकासाठी नोंद

तोंडी परीक्षेच्या गुणपत्रकात ‘आय कॉन्टॅक्ट’ असा रकाना असेल तर तो काढून घ्या. शिक्षकासमोर, विशेषतः शिक्षिकेसमोर, नजर खाली ठेवणं हा अनेक घरांत संस्कार असतो. त्याऐवजी विद्यार्थी समोरच्याचं ऐकून प्रतिप्रश्न करतो का, समजलं नाही तर पुन्हा विचारतो का, गैरसमज झाला तर तो दुरुस्त करतो का, याला गुण द्या. मी याला वीसपैकी सहा देते आणि प्रसंग नेहमी दोन देशांच्या विद्यार्थ्यांना मिळून देते.

सत्र संपलं की वर्ग पुढच्या शिक्षकाकडे जातो. त्याच्याबरोबर एक पान द्या: कुणाला कोणत्या नावाने हाक मारायची, कोणते स्वाध्याय बदलले आणि कसे, कोणती कामं सकाळी चांगली झाली, भाड्याच्या घराच्या प्रसंगात नवे कोणते प्रश्न आले. विद्यार्थ्याने खाजगीत सांगितलेलं काहीही त्यात लिहू नका; ते पुन्हा सांगायचं की नाही, हे तोच ठरवेल. आणि ‘आखाती मुलं’, ‘आफ्रिकन ग्रुप’ अशी सुरुवात असलेलं एकही वाक्य त्या पानावर ठेवू नका. व्यक्तीचं नाव लिहा आणि तिने काय केलं ते लिहा.